वर्गात न टिकणारं पोरगं : छडीने नाही, पद्धतीने सुधारते

ब्रह्मपुरी : धानाची रोवणी सुरू झाली की मायबाप बांधीत अन् पोरं शाळेत. त्यातलंच एखादं पोरगं दर पाच मिनिटांनी जागेवरून उठते, प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी उत्तर देते, वही-पेन्सिल रोज हरवते. गुरुजी म्हणतात 'वाह्यात', घरचे म्हणतात 'लाडानं बिघडला'. मग मार बसतो. मार खाऊन पोरगं शाळेतच येईनासं होते.

यामागे एडीएचडी असू शकतो. हा मेंदूच्या वाढीशी संबंधित त्रास आहे. लक्ष टिकवणे अन् स्वतःला आवरणे अशा मुलांना जड जाते. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत, शाळेत अन् घरी दोन्हीकडे दिसतात. काही मुले, विशेषतः मुली, दंगा करत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसतात. त्या कोणाच्या लक्षातच येत नाहीत. ('तारे जमीन पर'मधला मुलगा वेगळा, त्याला वाचनाची अडचण होती.)

शिक्षकाने काय करावं? मुलाला खिडकी-दारापासून दूर, आपल्याजवळ बसवावं. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावी. दहा गणितं एकदम न देता तीन द्यावीत, तपासून पुढची तीन. फळा पुसणे, हजेरीपट नेऊन देणे अशी कामं त्यालाच सांगावीत, म्हणजे उठायची गरजही भागते अन् मानही राहते. चांगलं केलं की लगेच शाबासकी द्यावी, महिन्याने दिलेली त्याच्या कामाची नाही. खेळाचा तास मात्र शिक्षा म्हणून बंद करू नये, याच मुलांना तो सर्वात जास्त लागतो. दोन शिक्षकांवर चार वर्ग असलेल्या शाळेत हे सगळं जमणार नाही, हे खरं. पण जागा बदलायला अन् काम तोडून द्यायला पैसा लागत नाही.

मारणे तर कायद्यानेच बंद आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा अन् मानसिक छळ दोन्ही करता येत नाही.

मात्र शिक्षकाने स्वतःच 'एडीएचडी' ठरवू नये. कमी ऐकू येणे, नजर कमजोर असणे, अपुरी झोप किंवा रक्त कमी असणे, यानेही लक्ष लागत नाही. आपल्या भागात सिकलसेलही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येते, त्यांना हे मूल आवर्जून दाखवावं. पुढची तपासणी जिल्हास्तरावर होते. पालकांना बोलायचं असल्यास टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.