खरखर कुठली, हेडफोन कुठला?

शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्या मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतला तर रेडिओची खरखर जाईल का? मोबाइलच्या दुकानातले विक्रेते बिनधास्त ‘जाईल’ म्हणून सांगतात आणि दहा-पंधरा हजारांचा डबा हातात ठेवतात. खरं उत्तर वेगळं आहे. खोलीतली घरघर कमी होईल. रेडिओतून येणारी खरखर जशीच्या तशी राहील. हे समजून न घेता पैसे घातले, तर निराशा ठरलेलीच.

या हेडफोनच्या वाटीत छोटे मायक्रोफोन असतात. बाहेरचा आवाज ते टिपतात, आतलं सर्किट त्याच्या बरोबर उलट लहर तयार करतं आणि दोन्ही लहरी कानापाशी एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं. अमर बोस यांनी १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातच हेडफोनसाठी तिची गणितं मांडली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. विमानातून सुरुवात झाली, यालाही कारण आहे. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली आणि एकसारखी असते. १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब, त्यामुळे सर्किटला थोडा उशीर झाला तरी उलट लहर नीट जुळते. ३,००० हर्ट्झची लहर जेमतेम ११ सेंटीमीटरची. तिथे किंचित उशीरही जुळणी बिघडवतो. म्हणून पंखा, एसी, रेल्वेचा डबा यांचा आवाज छान दबतो. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट आणि शेजारच्यांची बोलणी अडवायचं काम मुख्यतः वाटीच्या गादीलाच करावं लागतं.

रेडिओची खरखर मात्र निवेदकाच्या आवाजाबरोबर त्याच वायरीतून आत येते. सर्किटच्या दृष्टीने तीही ऐकवायचीच गोष्ट. तिला ते हात लावत नाही.

मग ती येते कुठून? काही निसर्गातून. मे महिन्यात वळिवाचे ढग जमले की विजांचा कडकडाट शेकडो किलोमीटरवरून रेडिओत उतरतो, आणि ४९ किंवा ६० मीटरसारख्या खालच्या बँडवर तो जास्त छळतो. त्यावर इलाज नाही. वरच्या बँडवर जायचं किंवा वाट पाहायची. पण शहरातल्या घरात खरा उपद्रव माणसाने केलेला असतो. मोबाइलचे स्वस्त चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स या सगळ्यांत वीज वेगाने चालू-बंद करणारी सर्किटं असतात आणि ती शॉर्टवेव्हच्या ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मनसोक्त कचरा सांडतात.

छताच्या पंख्याचं उदाहरण घ्या. पात्यांचा आवाज हवेतून कानावर येतो. तो हेडफोन कापेल. त्याच पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मात्र घरच्या वायरिंगमधून रेडिओत जाडसर गुरगुर घालतो आणि तिथे हेडफोनचं काही चालत नाही. रेग्युलेटर पूर्ण वर नेला की ही गुरगुर बहुधा कमी होते. पायऱ्या-पायऱ्यांनी फिरणारे कपॅसिटरचे रेग्युलेटर याबाबतीत सोज्वळ. नवे बीएलडीसी पंखे वीज वाचवतात, पण त्यांच्या पोटातही तसलंच सर्किट असतं, तेव्हा ते रेडिओ लावून तपासावेत.

म्हणून हेडफोनच्या आधी घर तपासायचं. रेडिओ बॅटरीवर चालवायचा, एखादं क्षीण स्टेशन लावायचं आणि घरातला मेन स्विच बंद करायचा. खरखर एकदम ओसरली तर दोषी घरातच आहे. मेन चालू करून एकेक उपकरण सुरू करत गेलं की तो सापडतो. एक चार्जर बदलून किंवा अँटेनाची वायर खिडकीबाहेर लांब नेऊन जेवढा फरक पडतो, तेवढा कुठलाही महागडा हेडफोन पाडत नाही.

एवढं झाल्यावरही नॉइज कॅन्सलिंगचा उपयोग नक्की आहे, आणि तो मोठा आहे. उन्हाळ्याच्या रात्री पंखा बंद करता येत नाही. ३१ मीटरवर रेडिओ रोमानियासारखं दूरचं केंद्र लागलेलं असतं, आवाज वर-खाली होत असतो, आणि खोलीतल्या घरघरीवर मात करण्यासाठी आपण व्हॉल्यूम वाढवत जातो. मग मध्येच वीज कडाडते, किंवा काटा सरकून एखादं दणदणीत स्टेशन लागतं आणि कानाचे पडदे हादरतात. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानते, आणि पातळी वाढली की ही मुदत झपाट्याने घटते. बाहेरचा आवाज कमी झाला की व्हॉल्यूम खाली आणता येतो. नॉइज कॅन्सलिंगच्या बाजूने मला सर्वांत पटलेलं कारण हेच.

निवडताना पहिली कसोटी अशी, जी दुकानात कोणी सांगत नाही. हा हेडफोन स्वतःच छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे; त्यातलं सर्किटही रेडिओत खरखर घालू शकतं, आणि छोट्या रेडिओत हेडफोनची वायर अँटेनाच्या यंत्रणेचाच भाग बनून ती खरखर आत नेते. म्हणून आपला रेडिओ दुकानात न्यावा, खिडकीपाशी उभं राहून क्षीण स्टेशन लावावं आणि नॉइज कॅन्सलिंग चालू-बंद करून पाहावं. बटण दाबताच खरखर वाढली तर तो हेडफोन आपल्या कामाचा नाही. थोडीच वाढत असेल तर वायरीवर रेडिओच्या बाजूला फेराइटची क्लिप बसवून पुन्हा ऐकावं. चार्जिंग चालू असताना तर ऐकूच नये.

वायर जोडायची सोय हवीच. ब्लूटूथवर आवाज किंचित मागून येतो. बातम्या ऐकताना ते जाणवत नाही, पण काटा हळूहळू सरकवत स्टेशन शोधताना हात आणि कान यांचा मेळ सुटतो. बॅटरी संपल्यावर वायरीवर चालतो का, तेही पाहा. काही मॉडेल मुकी होतात. जुन्या रिसीव्हरचा जॅक मोनो असेल तर आवाज एकाच कानात येईल. त्यासाठी स्वस्तातला मोनो-टू-स्टिरिओ अडॅप्टर मिळतो.

आवाजाचा पोतही तपासा. शॉर्टवेव्हवर केंद्रं ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, त्यामुळे साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वर ऐकण्याजोगं फारसं काही नसतं, उरतो तो सुसकारा. घुमणारा बास आणि चकचकीत ट्रेबल देणारे फॅशनेबल हेडफोन बासने बोलणं गढूळ करतात आणि ट्रेबलने सुसकारा वाढवतात. मधल्या सुरांत स्पष्ट बोलणारा हेडफोन हवा. रेडिओत बँडविड्थ अरुंद करायची सोय असेल तर तीही वापरा.

रिसेप्शन रिपोर्ट पाठवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. एसआयएनपीओ श्रेणीतला ‘एन’ रेडिओत ऐकू येणाऱ्या खरखरीचा आहे. घरातल्या पंख्यामुळे तो ५ वरून ३ वर आणला, तर केंद्राच्या अभियंत्याला चुकीची माहिती जाते. कान बंदिस्त असले की ही गल्लत टळते.

माझं मत विचाराल तर शांत खोलीत बसून ऐकणाऱ्याला नॉइज कॅन्सलिंगची गरज नाही. सेनहायझर एचडी २८० प्रोसारखा बंद वाटीचा, वायरवाला हेडफोन बॅटरीशिवाय ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवतो आणि रेडिओत कसलीच लुडबुड करत नाही. ६४ ओहमचा असल्याने खिशातल्या रेडिओवर थोडा मंद वाजेल, एवढंच. पंखा, एसी किंवा प्रवास टळत नसेल तर नॉइज कॅन्सलिंग जरूर घ्या, पण परत करण्याची मुदत देणाऱ्या दुकानातूनच, आणि पहिल्याच रात्री आपल्या रेडिओवर लावून पाहा.