पाय शांत बसत नाहीत, आणि खिसा रिकामा: रेस्टलेस लेग्जमध्ये पहिला रुपया कुठे खर्च करायचा?

आजचा भाग पायांवर आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून घरात दोन चकरा मारल्या की थांबतं. परत आडवं झालं की परत सुरू. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. मला आहे, माझ्या आईलाही आहे. हा आजार बऱ्याचदा घराण्यात चालतो.

गेल्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि चार महिने पगार नव्हता. तेव्हा दोघींच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला अडीच हजारांच्या घरात जात होता. आपला आरोग्य विमा बहुतेक वेळा ॲडमिट झाल्यावरच कामाला येतो, रोजच्या गोळ्या आपल्याच खिशातून. त्यामुळे मला एक गोष्ट नीट शोधावी लागली: पैसे थोडेच असतील तर ते कोणत्या क्रमाने खर्च करायचे? मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण क्रम लावणं हे आमचं रोजचंच काम.

आधी एक छोटी गोष्ट, नातेवाईकांसाठी. "हे सगळं मोबाईलमुळे" असं कुणी म्हणालं तर सांगा की थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने याचं वर्णन १६७२ मध्ये करून ठेवलंय. स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. तेव्हा कुठले मोबाईल!

आता पहिली अडचण. ही फुकटात सुटते, पण बहुतेकांची इथेच गाडी अडते. मराठीत या त्रासाला नाव नाही. आपण डॉक्टरांना सांगतो, "पाय दुखतात", "पाय ओढतात", "पायाला मुंग्या येतात". मग हातात काय पडतं? पेनकिलर, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह. आई कित्येक वर्षं रात्री पोटऱ्यांना जुन्या साडीची पट्टी गुंडाळून झोपायची आणि कुणी विचारलं तर "पाय चावतात गं" एवढंच सांगायची. म्हणून डॉक्टरांसमोर हे चार मुद्दे याच शब्दांत सांगा: पाय हलवायची अनावर इच्छा होते, बसल्यावर किंवा पडल्यावर वाढते, चाललं की तेवढ्यापुरती थांबते, संध्याकाळी आणि रात्री जास्त, सकाळी कमी. पोटरीत गोळा येणं वेगळं, तिथे स्नायू दगडासारखा घट्ट होतो. अवघडून बसल्यावर मुंग्या येणं तेही वेगळं. हे चार मुद्दे नीट सांगितले तर निदानासाठी महागड्या स्कॅनची गरज सहसा पडत नाही.

पहिला रुपया मात्र एका रक्ततपासणीवर घाला. तिचं नाव फेरिटिन. मी केली तिथे सहाशे रुपये लागले. जमलं तर सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही करून घ्या.

कारण असं. मेंदूत डोपामिन तयार होताना लोह लागतं, आणि या आजारात मेंदूतल्या काही भागांत लोह कमी असल्याचं आढळलंय. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन म्हणजे चालू खात्यातली शिल्लक समजा आणि फेरिटिन म्हणजे एफडी. चालू खातं ठीक दिसतं तेव्हाही एफडी मोडून संपत आलेली असू शकते. माझं हिमोग्लोबिन १२.४ होतं, म्हणजे ठीकच. फेरिटिन निघालं १९.

आणि इथेच खरी मेख आहे. त्या १९ पुढे रिपोर्टमध्ये "नॉर्मल" छापलेलं होतं. अनेक लॅबची नॉर्मल रेंज दहा-पंधरापासूनच सुरू होते. पण रेस्टलेस लेग्जसाठी तज्ज्ञांनी लावलेली रेषा वेगळी आहे: मोठ्या माणसांत फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांचा विचार करतात. म्हणून रिपोर्टवरचा "नॉर्मल" शब्द बघून घडी घालून ठेवू नका. आकडा बघा आणि डॉक्टरांना विचारा, "रेस्टलेस लेग्जच्या हिशेबाने हा पुरेसा आहे का?" हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

तपासणी सकाळी उपाशीपोटी करा. लोहाची गोळी आधीच चालू असेल तर एक-दोन दिवस आधी थांबवायची का, ते विचारून घ्या. ताप किंवा अंगात कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर करा.

लोह कमी निघालं तर गोळी स्वस्त आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मोफतही मिळतात. पण पोटात गेलेली गोळी अंगी लागली पाहिजे ना! चहा-कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं औषध, ही सगळी लोहाला आडवी येतात. आपल्याकडे जेवण झालं की लगेच कपभर चहा. आईचा तो चहा पुढे ढकलणं हे कुठल्याही डेडलाइनपेक्षा अवघड निघालं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरी शोषली जाते. काहींना रोजच्याऐवजी एक दिवसाआड देतात, त्यातही शोषण चांगलं होतं असं दिसलंय. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे, बद्धकोष्ठही होतं. आणि घाई करू नका, साठा भरायला महिने लागतात. साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन परत तपासायचं. माझा त्रास अकराव्या आठवड्याच्या आसपास कमी व्हायला लागला. आईचा तितका नाही.

मात्र तपासणीशिवाय लोह सुरू करू नका. काहींच्या अंगात लोह आधीच जास्त असतं. थॅलेसेमिया मायनर असेल तर हिमोग्लोबिन कमी असूनही लोह भरपूर असू शकतं. आणि घरात लहान मुलं असतील तर गोळ्या कुलपात. लोहाची विषबाधा मुलांच्या जिवावर बेतू शकते.

पुढची पायरी उलट पैसे वाचवणारी आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामीनसारखं झोप आणणारं ॲलर्जीचं औषध असतं, ते हा त्रास वाढवू शकतं. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रामाइडही तसंच. मेडिकलवाल्याकडून काहीही घेताना पाकिटाच्या मागचं नाव वाचा. संध्याकाळची दारू, सिगारेट, उशिराची कॉफी यांनीही अनेकांचं वाढतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी वाढतं हेही खरं, पण त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. पर्याय डॉक्टरांना विचारा.

व्यायामाचं म्हणाल तर एका छोट्या अभ्यासात आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे, चालणं आणि पायांचे व्यायाम करून त्रास कमी झाला होता. झोपायच्या तोंडावर दमछाक मात्र नको. मी संध्याकाळचे क्लायंट कॉल इअरफोन लावून गच्चीवर चालत घेते, व्हिडिओ बंद. रात्री पोटऱ्या ताणणं, तेलाने चोळणं, गरम पाण्याची बादली किंवा कुणाला गार पाणी, जे मानवेल ते. आईची साडीची पट्टीही चालते, फक्त पाय बधिर होईल इतकी आवळू नका. नांदेडला जाताना मी रात्रीची स्लीपर टाळून पहाटेची एसटी पकडते, कारण सकाळी पाय त्यातल्या त्यात गप्प असतात.

एवढं करूनही झोप मिळत नसेल तर औषध लागतंच, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. इथे स्वस्त-महागपेक्षा कोणतं, हे आधी बघा. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल सुरुवातीला जादूसारखी वाटतात. पण महिन्या-वर्षांनी काहींचा आजार त्यांनीच वाढतो: रात्रीचा त्रास दुपारीच सुरू होतो, हातांत पसरतो, आणि डोस वाढवला की पुढे अजून बिघडतो. त्यामुळे आता तज्ज्ञ सहसा गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबलिन आधी वापरा म्हणतात. त्यांनी गुंगी, चक्कर येऊ शकते, तेव्हा सुरुवातीला टू-व्हीलर जपून.

डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मला परवडत नाहीये, जेनेरिक नाव लिहून द्या." मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी काही न बोलता चिठ्ठी बदलून दिली. तीच चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. ब्रँडपेक्षा बऱ्याचदा निम्म्याहून कमी किमतीत तेच औषध मिळतं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालय त्यात येतं. औषध शिल्लक आहे का ते मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर एक सुट्टी वाया.

पैसे संपले म्हणून गोळी एका दिवसात बंद करू नका, अर्धी करूनही बघू नका. ही औषधं अचानक थांबवली तर त्रास उसळून येतो. शेवटची पट्टी हातात असतानाच फोन करा, कमी कसं करायचं ते डॉक्टर सांगतील.

गरोदर असाल, किडनीचा आजार किंवा डायबेटिस असेल तर हा सगळा क्रम घरी लावत बसू नका, थेट डॉक्टरांना दाखवा. एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला तर ते रेस्टलेस लेग्ज नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि महिनोन्महिने झोप नसल्यामुळे जगणंच नको वाटायला लागलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो, रात्री तीन वाजता घरात चकरा मारतानाही.