साठीनंतरची पहिली सायकल : आधी उतरता यायला हवे

आज साठी ओलांडलेल्या बहुतेकांनी सायकल शिकली ती वडिलांच्या नाहीतर भाड्याने आणलेल्या काळ्या सायकलवर. आधी दांडीखालून पाय घालून, मग दांडीवर बसून आणि पाय पुरू लागले तेव्हा सीटवर. पुढे स्कूटर आली, संसार वाढला आणि सायकल जिन्याखाली गंजत पडली. निवृत्तीनंतर सकाळ मोकळी झाली आणि चालताना गुडघे कुरकुरू लागले, की पुन्हा तिची आठवण होते. दुकानात मात्र समोर येते ती जाड टायरची, सरळ रुंद हँडलची, गिअर आणि शॉकअप लावलेली माउंटन बाइक. दुकानदार गिअर मोजून दाखवतो, सोबत आलेला नातू रंग निवडतो.

वाचकहो, या खरेदीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो असा : या सायकलवरून मला सहज उतरता येते का?

उतारवयात सायकलवरून पडणे पुष्कळदा वेगात घडत नाही. ते चढता-उतरताना, सिग्नलपाशी थांबताना किंवा मागून टाकलेला पाय सीटला अडकल्याने घडते. तरुणाला अशा पडण्याने खरचटते; हाडे विरळ झालेल्या व्यक्तीचे त्याच पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते. मग शस्त्रक्रिया, अंथरूण आणि कित्येक महिन्यांचे परावलंबन. म्हणून साठीनंतरची सायकल निवडताना वेग, रंग आणि गिअरांची संख्या यांच्या आधी थांबण्याचा आणि उतरण्याचा विचार करावा.

माउंटन बाइकमधील काय घ्यावे, काय सोडावे

१९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपाईस या डोंगराच्या कच्च्या वाटांवरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली भरधाव खाली सोडू लागले. १९७६ पासून त्याच परिसरात ‘रीपॅक’ नावाची शर्यत होऊ लागली. उतारावर मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. उताराच्या त्या वेडातून घडलेल्या सायकलीचे काही गुण आपल्या रस्त्यांवर फार उपयोगी आहेत, काही मात्र आपल्या वयाला निरुपयोगी आहेत.

उपयोगी गुण तीन. पहिला, रुंद टायर. सुमारे दोन इंच रुंदीचा टायर खडीवर कमी घसरतो, रस्त्यातील फटीत अडकत नाही आणि खड्ड्याचा धक्का बराचसा स्वतःच पचवतो. मात्र त्यात हवा ठासून भरू नये. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेतच ठेवावी. दुसरा, हलके गिअर. चढावर हलका गिअर टाकला, की पाय भरभर पण कमी जोराने फिरतात आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण कमी येतो. पुढे तीन आणि मागे सात चकत्या मिळून होणाऱ्या एकवीस गिअरांची आपल्याला गरज नसते. पुढे एक आणि मागे सात पुरेत. बदलण्याची कळही मग एकच राहते. तिसरा, सरळ रुंद हँडल, ज्यामुळे कमी वेगातही तोल सावरता येतो.

सोडून देण्यासारखी गोष्ट म्हणजे स्वस्तातले शॉकअप. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीतील पुढचे शॉकअप म्हणजे बहुधा साधी स्प्रिंग असते. ती धक्का थोडा कमी करते, पण वजन वाढवते. मागच्या बाजूलाही शॉकअप असेल, तर पेडल मारण्याचा बराच जोर सायकल वरखाली करण्यातच वाया जातो. अशी लोखंडी सायकल १८ ते २० किलोंची असते. इमारतीच्या चार पायऱ्या ती रोज कोणी चढवायची, हा प्रश्न दुकानातच स्वतःला विचारावा. बिनशॉकअपची किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेमची हलकी सायकल त्या दृष्टीने उत्तम.

दुकानात करण्याच्या चार चाचण्या

चाकाचा आकार म्हणजे सायकलचा आकार नव्हे. २६ किंवा २७.५ इंची चाक मध्यम उंचीच्या व्यक्तीस पुरते. पण त्याच चाकावर लहान-मोठ्या फ्रेम मिळतात आणि मापाचा खरा संबंध फ्रेमशी असतो. अंगावरच्या कपड्याप्रमाणे ती घालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक : मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकून दांडी आणि शरीर यांत किमान दोन इंच अंतर राहिले पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे खाली उतरती दांडी असलेली फ्रेम, जिच्यात पाय समोरूनच पलीकडे टाकता येतो. तिला आपल्याकडे ‘लेडीज सायकल’ म्हणतात आणि त्या एका शब्दापायी अनेक पुरुष तिच्याकडे पाहतही नाहीत. खुबा आणि गुडघा पुरुषाचा की स्त्रीचा, हे दांडीला ठाऊक नसते. संकोच सोडावा.

दोन : सायकल न चालवता दहा वेळा चढा आणि उतरा, रोजच्याच कपड्यांत आणि चपला-बुटांत. दहाव्या वेळी पाय अडखळला, तर ती सायकल आपली नव्हे. साडी किंवा सलवार असेल, तर चेनवर पूर्ण झाकण असलेलीच घ्यावी.

तीन : दोन बोटांनी ब्रेक दाबून पाहा. संधिवाताने बोटे आखडलेल्यांना ब्रेकची मूठ दूर वाटते. अनेक सायकलींत ती जवळ आणण्याचा लहान स्क्रू असतो, तो दुकानदाराकडून फिरवून घ्यावा. डिस्क ब्रेक पावसात चांगला, परंतु तारेवर चालणाऱ्या स्वस्त डिस्क ब्रेकची जुळवणी वरचेवर करावी लागते. रिमवर दाबणारा साधा व्ही-ब्रेक नीट जुळवलेला असेल, तर सकाळच्या फेरीला पुरेसा आहे आणि तो कोणताही कारागीर दुरुस्त करतो.

चार : सीटवर बसून मागे वळून पाहा. मानेच्या मणक्यांच्या त्रासामुळे मान वळत नसेल, तर हँडलला आरसा लावणे आवश्यक आहे.

सीटच्या उंचीचा नियम असा, की टाच खालच्या पेडलवर ठेवली असता गुडघा सरळ व्हावा. म्हणजे चवडा पेडलवर आल्यावर तो किंचित वाकलेला राहतो. परंतु सवय मोडलेल्यांनी पहिले दोन-तीन आठवडे सीट पाय जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवावी आणि धीर आला, की दर आठवड्याला थोडी वर घ्यावी. फार खालच्या सीटवर कायम चालवल्यास गुडघ्यांचा पुढचा भाग दुखू लागतो.

पैशांची वाटणी

दहा ते पंधरा हजार रुपयांत आपल्या गरजेची सायकल मिळू शकते. मात्र संपूर्ण रक्कम सायकलवर घालवू नये. सुमारे दोन-अडीच हजार रुपये हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, घंटी आणि आरसा यांसाठी बाजूला ठेवावेत. माउंटन बाइकला मडगार्ड आणि स्टँड अनेकदा नसतात. तेही बसवून घ्यावेत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे, डोक्याच्या मागे कलू नये.

हात आखडता असेल, तर वापरलेली सायकलही चालेल. अनेक इमारतींच्या तळमजल्यावर शिकायला परगावी गेलेल्या मुलांच्या सायकली धूळ खात उभ्या असतात. तिचे टायर, ट्यूब, ब्रेकच्या तारा आणि ब्रेकचे रबर मात्र नवे टाकून घ्यावेत; रबर न वापरताही कडक होते. उंच दांडीची सायकल फुकट मिळाली, तरी ती महागच पडेल.

शरीराची तपासणी

खरेदीपूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा भेटावे. आधाराजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळता येतो का, ते पाहावे. येत नसेल, तर आधी तोलाचे व्यायाम करावेत. दरम्यान घरातील स्थिर सायकल उत्तम. झटके येणारे, चक्कर येणारे, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे यांनी डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय रस्त्यावर सायकल चालवू नये.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला लागलेला किरकोळ मारही लगेच दाखवावा. आतला रक्तस्राव काही तासांनी लक्षणे दाखवू शकतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तसे होत असेल, तर औषधाची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. सुरुवात मात्र मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात, दहा मिनिटांपासून करावी. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतकाच वेग ठेवावा. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, म्हणून गुडघ्यांना ती सोपी. त्याच कारणाने हाडांना मात्र तिचा फारसा लाभ नाही. रोजचे चालणे सोडू नये.

मुलांसाठी दोन शब्द

“या वयात कशाला नसते धाडस?” हे वाक्य प्रेमापोटी येते, हे खरे. परंतु बसून राहिलेले शरीरही पडते. पायांतील बळ आणि तोल वापरानेच टिकतो. उलट, वाढदिवसाला गुपचूप आणलेली महागडी माउंटन बाइकही योग्य नव्हे, कारण मापे आई-वडिलांची घ्यायची असतात. त्यांना दुकानात न्यावे, दहा वेळा चढू-उतरू द्यावे आणि दुकानदार घाई करू लागला, तर दुसरे दुकान पाहावे. पहिले काही दिवस सकाळी त्यांच्यासोबत जावे. खिशात नाव, रक्तगट, औषधे आणि आपला फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि मग त्यांना त्यांच्या वेगाने जाऊ द्यावे.