रानात नेण्याचा चाकू

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र कशाला म्हणायचे हे स्पष्ट लिहिले आहे. बंदूक, दारूगोळा, धनुष्यबाण, विष, फासे, सापळे यांच्या रांगेतच चाकूही आहे. याच कायद्याच्या 31 व्या कलमानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे. बेंगळुरूत नोकरी करून शनिवार-रविवारी डोंगर चढणाऱ्या मराठी मंडळींनी चाकू विकत घेण्याआधी एवढे वाचावे, असे मला मनापासून वाटते. कारण आपल्या आवडीच्या बऱ्याच वाटा नेमक्या अशाच जंगलांतून जातात. कुमार पर्वत पुष्पगिरी अभयारण्यात येतो, कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यान आहे, शहराला लागून असलेले बन्नेरघट्टाही राष्ट्रीय उद्यानच, आणि कॅसलरॉक-कुळे बाजूने ज्या दूधसागरला आपण जातो तो गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्यात आहे. इथे जाताना चाकू घरी ठेवावा. चौकीवर पिशवी उघडली गेली तर ‘फळे कापायला आणला’ हे उत्तर खरे असले तरी कायद्यापुढे ते पुरत नाही.

म्हणून आधी ठिकाण ठरवावे, मग चाकू. सकलेशपूर, चिक्कमगळूरू किंवा कोडगूतल्या कॉफीच्या मळ्यात तंबू ठोकायचा असेल, तर मालकाला विचारून छोटा चाकू खुशाल न्यावा. वनखात्याच्या ताब्यातल्या डोंगरांसाठी आरक्षण करतानाच नियम वाचून घ्यावेत आणि शंका असेल तर चौकीवर फोन करावा. शस्त्रांच्या कायद्याची मर्यादा निराळी आहे. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पाती येतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. पण या 9 इंचांवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. बंदोबस्ताच्या दिवसांत पोलीस शस्त्रबंदीचे आदेश काढतात, त्यांत चाकूही असतो. नम्म मेट्रोच्या दारात पिशवी यंत्रातून जाते. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, तो खाली जाणाऱ्या बॅगेतच ठेवावा लागतो. आणि पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्या वाचणाऱ्यांना, किंवा इथल्या कन्नड वर्तमानपत्रांत ‘मच्चु’ आणि ‘लाँग’ ही लांब पात्यांची नावे गुन्ह्याच्या पानावर पाहणाऱ्यांना, मॅजेस्टिकच्या बस स्थानकावर लांब पाते बाळगणाऱ्याकडे लोक कसे बघतील हे सांगायला नको.

मग मोठा चाकू हवाच, हा समज आला कुठून? तो थंड देशांतल्या पुस्तकांतून आणि चित्रफितींतून आला आहे. जॉर्ज सीअर्स या अमेरिकन लेखकाने ‘नेसमुक’ या टोपणनावाने 1884 मध्ये ‘वुडक्राफ्ट’ लिहिले. कॅनडाच्या मॉर्स कोचान्स्की यांनी पुढे 1980 च्या दशकात उत्तरेकडच्या सूचीपर्णी रानात जगण्याचे तंत्र मांडले. त्या रानात शून्याच्या खाली तापमान असताना ओल्या ओंडक्याच्या पोटातले कोरडे लाकूड काढता आले नाही, तर माणूस गारठून मरतो. म्हणून तिथे जाड पाठीचे, मुठीत शेवटपर्यंत गेलेले पाते घेतात, ते लाकडावर धरतात आणि वरून दांडक्याने ठोकून ओंडका चिरतात. त्या प्रदेशात हे ज्ञान खरोखर जीव वाचवते, आणि मला त्याविषयी आदर आहे.

पण आपले रान तसे नाही. बेंगळुरूच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला बहुतेक पानगळीचे कोरडे जंगल आणि काटेरी झुडपे आहेत. फेब्रुवारी ते मे या काळात तिथे पाऊल ठेवले तरी पाचोळा कुरकुरतो. 2019 च्या फेब्रुवारीत बंडीपूरला लागलेल्या आगीत हजारो एकर जंगल जळाले. त्याच्या आदल्या वर्षी, 11 मार्च 2018 रोजी, तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेल्या गटाला वणव्याने गाठले आणि वीसहून अधिक जणांचा बळी गेला. अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने त्या बातम्या वाचल्या आहेत त्याने कर्नाटकाच्या उन्हाळी रानात शेकोटी पेटवू नये. आणि शेकोटीच नसेल, तर ओंडके फोडायला जाड पाते कशासाठी?

आपल्याकडच्या सहलीत चाकूची खरी कामे फार साधी असतात. तंबूची दोरी कापणे, बुटाची तुटलेली नाडी नीट करणे, टाचेवर लावायच्या चिकटपट्टीचा तुकडा काढणे, काकडी, लिंबू, आले, पेरू चिरणे, मॅगीचे पाकीट उघडणे, पावसात ताडपत्रीला भोक पाडणे. सावनदुर्गच्या उघड्या ग्रॅनाइटवर तर कापायला झाडही सापडत नाही. या सगळ्यासाठी आठ-नऊ सेंटिमीटरचे, म्हणजे साधारण आपल्या तळव्याच्या रुंदीएवढे पाते भरपूर झाले.

मोठे पाते रानात नसतेच असे नाही. ते ज्याचे आहे त्याच्या हातात असते. आपल्या कोकणात आणि मावळात गुराखी कमरेच्या लाकडी आकड्यात कोयता अडकवून निघतो, तसे मलनाडात मळ्यावर काम करणारे ‘कत्ती’ घेऊन फिरतात. बिळिगिरी रंगन टेकड्यांतल्या सोलिग आदिवासींना 2011 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक वनहक्क मिळाले. मध आणि वनउपज गोळा करण्याची त्यांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मले महादेश्वर टेकड्यांत याच समाजातले कारागीर घाणेरीच्या काड्या तोडून, सोलून खुर्च्या-टेबले बनवतात. जंगल गिळत चाललेल्या त्या परदेशी झुडपाचा असा उपयोग पाहून मला फार बरे वाटते. कोडगूतल्या कोडव समाजाची पीचेकत्ती आणि रुंद, वाकडी ओडिकत्ती ही वेगळीच परंपरा. पीचेकत्ती सणासमारंभाच्या पोशाखात पुढे कमरबंदात खोचतात, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या कैलपोळ्द सणाला शस्त्रांची पूजा करतात. कोडवांना शस्त्र परवान्यातून सूटही आहे. मडिकेरीच्या बाजारात चांदीकाम केलेली पीचेकत्ती दिसली, तर ती त्या समाजाचा मान म्हणून पाहावी. काकडी चिरायला ती घेऊ नये, आणि तिची सूट आपल्याला लागू होत नाही. वाटाड्या सोबत असेल तेव्हा वाट मोकळी करण्याचे काम त्याच्या कत्तीवर सोडावे. कोणती फांदी तोडायची आणि कोणती वाकवून पुढे जायचे हे त्याला कळते.

आता विकत काय घ्यावे. घडीच्या चाकूंत मला फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला ओपिनेल सर्वांत आवडतो. जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या पोराने तो 1890 मध्ये घडवला. लाकडी मूठ, पातळ पाते आणि 1955 पासून मानेशी फिरणारी पोलादी कडी, जी पाते जागच्या जागी अडकवते. त्याचा 8 नंबर साडेआठ सेंटिमीटरचा असतो आणि वजन 50 ग्रॅमच्या आत. पातळ पात्यामुळे फळभाजी सुरेख चिरते; मात्र पावसाळ्यात लाकूड फुगून तो उघडायला जड जातो. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. त्यातली कात्री आणि चिमटा पात्यापेक्षा जास्त कामी येतात, काटा रुतला की हे लगेच पटते. त्याच्या 91 मिलिमीटरच्या नेहमीच्या नमुन्यांत पाते अडकवायची कळ नसते, म्हणून टोकाने दाबून भोक पाडायचे काम त्याने करू नये. पाते मिटून बोटावर येते. मळ्यावर किंवा स्वतःच्या शेतावर लाकूड छिलायचे असेल, तर स्वीडनच्या मोरा गावचा पक्क्या पात्याचा साधा चाकू घ्यावा. त्याचे पाते 10 सेंटिमीटरच्या आसपास असते. त्याच्या धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो दगडावर टेकवला की पाजवण्याचा कोन आपोआप सापडतो. बटण दाबून उडणारे, दातेरी पाठीचे, काळ्या रंगाचे ‘सर्व्हायव्हल’ चाकू मात्र घेऊ नयेत. पोकळ मुठीत काडेपेटी ठेवायची सोय करताना बनवणाऱ्यांनी पात्याची मुळे तोकडी केलेली असतात आणि जोर लावला की तिथेच ती तुटतात.

चाकू वापरण्याबद्दल मराठी घरातल्या माणसाला एक गोष्ट सहज समजेल. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी त्याच्यावर सरकते. काठीला टोक काढताना हेच करावे: चाकूचा हात गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला टेकवून घट्ट ठेवावा आणि काठी मागे ओढावी. पाते जागचे हलत नाही, त्यामुळे ते निसटून कुठे जाईल ही भीती राहत नाही. मांड्यांच्या मधे धरून कधीही कापू नये, कारण मांडीच्या आतून मोठी रोहिणी जाते आणि रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असते. कोणाला चाकू द्यायचा तर मूठ त्याच्याकडे करून, आणि त्याने धरल्याचे सांगितल्यावरच सोडायचा.

एक काम चाकूने कधीच करायचे नाही, आणि हे मी सर्वांत जास्त कळकळीने लिहिते आहे. साप चावला तर जखम चिरू नका, रक्त चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका. जुन्या चित्रपटांनी हे आपल्या डोक्यात घातले आणि त्याने माणसे दगावली. चिरल्याने विष बाहेर येत नाही. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठत नसते, आणि ती चीर वाहतच राहते. माणसाला स्थिर ठेवावे, अंगठी-घड्याळ काढावे, 108 ला फोन करावा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावायचीही गरज नाही. जळवेलाही चाकू लावू नये. नखाने किंवा कार्डाच्या कडेने तिचे तोंड बाजूला सरकवले की ती सुटते. हत्ती समोर आला तर चाकूचा काडीचाही उपयोग नाही. वाऱ्याचा अंदाज घेत मागे फिरणे एवढेच हातात असते.

राहिला धातूचा प्रश्न. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन चढते, पण आगुंब्यासारख्या, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात ते एका रात्रीत तांबूस होते. पश्चिम घाटात जाणाऱ्याने स्टेनलेस घ्यावे. बोथट चाकूला जास्त जोर लागतो आणि जास्त जोरानेच हात घसरतो, म्हणून 1000 नंबरचा पाण्याचा दगड घरी असावा आणि निघण्याआधी दोन्ही बाजूंनी सारख्या फेऱ्या माराव्यात. कागदाची कड न अडखळता कापली गेली की धार झाली. परत आल्यावर पाते धुऊन पुसावे, खोबरेलाचा हलका हात फिरवावा, कारण याच पात्याने पुन्हा फळ कापायचे आहे. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते, आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो.