दिवसभराची बोट आणि स्नॉर्केलिंग : मालवणच्या पाण्यात उतरण्याआधी काठावर काय विचारायचं?

मालवण : दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की नाहूर, भांडुप, मुलुंडकडच्या चाकरमान्यांचे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज सुरू होतात. त्यात हल्ली एक रील हमखास असतं. पांढरी यॉट, निळंशार पाणी, तोंडात नळी घेऊन माशांमध्ये तरंगणारी माणसं. खाली लिहिलेलं असतं, 'ह्या वेळी सगळ्यांनी जाऊया.' नाहूरवरून लोकलने दोन स्टेशनं ठाणे, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे एसटीने मालवण. मुंबईचा माणूस इतक्या लांबून येऊन समुद्रात उतरतो. पण कुडाळ, कणकवली, वैभववाडीच्या गावांतले कित्येकजण आपल्याच जिल्ह्यातल्या ह्या पाण्यात कधी उतरलेले नाहीत. आता पाहुण्यांबरोबर तेही बोटीत बसायला लागलेत.

जावं की नाही, तर जरूर जावं. पण ही ट्रिप चांगली होणार की अंगाशी येणार, हे बऱ्याच अंशी बोटीत चढण्याआधीच्या दहा मिनिटांत ठरतं. त्या दहा मिनिटांत काय बघायचं आणि काय विचारायचं, ते समजून घेऊ.

दिवसभरात काय काय असतं?

रीलमधली मोठी यॉट बहुतेक वेळा अंदमान, मालदीव किंवा थायलंडची असते. मालवण, तारकर्ली, देवबाग भागात मिळते ती छप्पर घातलेली, इंजिनची बोट. चालवणारा बहुधा मच्छीमार कुटुंबातलाच असतो. रापण आणि जाळ्यावर पोट चालवणाऱ्या घरांतली पुढची पिढी पर्यटनात उतरली आहे. त्यामुळे समुद्राची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस सुकाणूवर असतो, ही इथली जमेची बाजू.

दिवसभराच्या ट्रिपमध्ये साधारण चार गोष्टी येतात. सकाळी लवकर डॉल्फिन बघणं, मग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग, त्यानंतर किल्ला, आणि दुपारनंतर देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी संगम व वाळूचं बेट. ह्या बेटाला लोक 'सुनामी आयलंड' म्हणतात. काही बोटी निवती रॉकच्या बाजूलाही नेतात. पण ते अंतर लांबचं आणि पाणी उघड्या समुद्रातलं. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर तिकडचा हट्ट धरू नये.

किल्ल्याला वेळ द्यावा. कुरटे बेटावर 1664 साली शिवाजी महाराजांनी ह्या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि ते सुमारे तीन वर्षं चाललं. आत महाराजांचं मंदिर आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असूनही दूधबाव, साखरबाव, दहीबाव ह्या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. किल्ल्यात जाणाऱ्या होडीचं तिकीट पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं, हे आधीच विचारावं. भांडण इथेच होतं.

नळीतून श्वास कसा चालतो?

स्नॉर्केलिंग आणि स्कूबा ह्यात लोकांचा घोळ होतो. स्कूबात पाठीवर हवेचं सिलिंडर असतं आणि माणूस खाली जातो. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पाण्याच्या वरच पालथा तरंगतो. डोळ्यांवर आणि नाकावर मास्क, तोंडात नळी. नळीचं वरचं टोक पाण्याबाहेर राहतं, त्यातून तोंडाने श्वास घ्यायचा. नाक पूर्ण बंद. पहिल्यांदा घाबरायला होतं ते ह्याचमुळे.

मास्क कशाला? आपला डोळा हवेत बघायला बनलेला आहे. डोळ्याला थेट पाणी लागलं की सगळं धुरकट दिसतं. मास्कमुळे डोळ्यापुढे हवेचा कप्पा राहतो आणि मासा स्पष्ट दिसतो, मात्र आहे त्यापेक्षा थोडा मोठा आणि जवळ. दाट मिशी असेल तर मास्कची रबरी कड नीट बसत नाही, पाणी झिरपतं. मग कड मिशीवर न येता नाकाखाली टेकेल असा मास्क मागून घ्यावा आणि काठावरच लावून बघावा.

नळी वीतभराहून थोडीच मोठी का असते, लांब का नाही, असाही प्रश्न येतो. पाण्याचा दाब छातीवर येतो. मीटरभर खाली जाऊन लांब नळीने श्वास घ्यायला गेलं तर छाती फुगवणंच जड जातं. शिवाय सोडलेली हवा नळीतच अडकते आणि तीच पुन्हा आत येते. म्हणून नळी आखूडच असते. लाटेचं पाणी नळीत शिरलं तर घाबरून मास्क ओढू नये. जोरात 'फू' करावं, पाणी बाहेर पडतं. तेही नाही जमलं तर डोकं वर काढून नळी सोडावी. अंगात लाइफ जॅकेट असतंच.

पोहता येत नाही, मग?

पोहता न येणाराही जॅकेट घालून, रिंग किंवा दोरी धरून, गाईडच्या सोबतीने स्नॉर्केलिंग करू शकतो. फक्त हे लाजून लपवू नये. 'मला पोहता येत नाही' हे बोटीत बसतानाच सांगावं.

उलट जास्त धोका विहिरीत आणि नदीच्या कोंडीत पोहणाऱ्याला असतो. तो म्हणतो, मला जॅकेट कशाला? विहिरीत पाणी एका जागी असतं आणि काठ हाताशी असतो. समुद्रात ओढ असते. खाली मासे बघता बघता माणूस बोटीपासून कधी लांब गेला हे त्याला कळतही नाही. पट्टीचा पोहणारा असला तरी जॅकेट काढू नये.

दमा, हृदयविकार, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण ह्यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरला विचारावं. दारू पिऊन पाण्यात उतरू नये आणि पिलेल्याला उतरू देऊ नये.

कधी जावं : तिथी बघा, वारा बघा

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत प्रवासी बोटी आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. पाणी सगळ्यात स्वच्छ साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवसातली वेळ सकाळची. ऊन चढलं, जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो. दुपारनंतर लाट वाढते आणि पाणी ढवळतं. म्हणून स्नॉर्केलिंग सकाळी दहा-अकराच्या आत उरकलेलं बरं.

भरती-ओहोटीचा अंदाज जुने मच्छीमार कॅलेंडरवर काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा पाण्याला ओढ जास्त आणि गढूळपणाही जास्त. अष्टमी-नवमीच्या आसपास पाणी त्या मानाने शांत असतं. पूर्ण ओहोटीला खडक अगदी अंगाशी येतात, पाय खरचटतात.

आणि पाण्याच्या रंगावरून नाराज होऊ नये. आपल्या नद्या सह्याद्रीतून गाळ आणि पाला घेऊन येतात. त्यामुळे किनाऱ्याचं पाणी हिरवट असतं, मालदीवसारखं काचेसारखं नसतं. पण ह्याच पाण्यात माशांना खाणं मिळतं. मालवणची मासळी ह्या हिरव्या पाण्यावरच पोसली आहे.

खाली दिसतं ते जिवंत आहे

किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. दिसायला दगड, पण ती बारीक जीवांची वस्ती असते. गोलाकार दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे हातभर प्रवाळ तयार व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि तुटायला एक लाथ पुरते. म्हणून त्यावर उभं राहू नये, हात लावू नये आणि बोटीचा नांगर त्यावर टाकू देऊ नये.

हा भाग 1987 साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे, किरकोळ गंमत नाही.

मासे जवळ यावेत म्हणून काही ठिकाणी पाव टाकतात. फोटो छान येतो, पण पाव हे माशांचं खाणं नव्हे. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे पावाच्या मागे लागले की शेवाळ वाढतं. गाईडला 'पाव नको' एवढं सांगितलं तरी पुरे. डॉल्फिनच्या बाबतीतही तेच. मागे बोट पळवायला लावू नये. इंजिन मंद करून थांबलं तर ते स्वतःच वर येतात.

हे पर्यटकासाठी जेवढं, त्याहून जास्त किनाऱ्यावरच्या घरांसाठी महत्त्वाचं आहे. प्रवाळ गेले तर मासे जातील, मासे गेले तर बोटीत बसायला कोण येणार?

अपघात काय शिकवतात?

24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी 20 पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' ह्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि 15 जण दगावले. त्या बोटीत शंभराहून अधिक प्रवासी होते. ह्या दुर्घटनेनंतर गेटवेवरच्या बोटींत लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं करण्यात आलं.

पाण्यात काहीही झालं तरी जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही. ते बाकाखाली ठेवलेलं असून उपयोग नाही, अंगात हवं. आणि नुसतं अडकवून नाही, सगळे पट्टे लावून. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघावं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. मुलांना मुलांच्याच मापाचं जॅकेट हवं. मोठ्याचं घातलं तर मूल खालून निसटतं.

डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला उभे राहतात. लहान बोट ह्यानेच कलते. बसल्या जागेवरून बघावं.

काठावरचे सात प्रश्न

1. बोटीची महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे नोंदणी आहे का? प्रवाशांची क्षमता किती, आणि आज किती बसणार?
2. प्रत्येकाला, मुलांनाही, मापाचं जॅकेट आहे का?
3. पाण्यात आमच्याबरोबर उतरणारा गाईड कोण आणि तो किती जणांना सांभाळणार?
4. प्रवाशांचा विमा आहे का?
5. दरात काय काय आलं : मास्क, नळी, फोटो, किल्ल्याची होडी, जेवण?
6. वारा सुटला आणि बोट गेली नाही तर पैसे परत की दुसरा दिवस?
7. प्रथमोपचार पेटी आणि किनाऱ्याशी बोलायला फोन किंवा वायरलेस आहे का?

उत्तर टाळणारा भेटला तर पुढच्या बोटीकडे जावं. चांगला बोटवाला ह्या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याचीच पत वाढते. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. तिथेही चौकशी करता येते. बंदराच्या खांबावर धोक्याचा बावटा लागला असेल किंवा बोटवालाच 'आज नको' म्हणाला, तर 'आम्ही मुंबईहून आलोय, रजा नाही' असा आग्रह धरू नये.

सकाळी पोट रिकामं ठेवू नये, तुडुंबही भरू नये. भाकरी, केळं असं साधं खावं. बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून गोळी निघण्याआधी घ्यावी आणि बोटीत लांब क्षितिजाकडे बघत बसावं. मोबाईलमध्ये बघितलं की जास्त मळमळतं. प्यायचं पाणी, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत. पालथं तरंगताना पाठ भाजते ती रात्री कळते.

कुठली बोट, किती वाजता निघालो, परत कधी येणार, हे घरी एकाला सांगून निघावं. अडचण आली तर तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093 आणि सर्वसाधारण मदतीसाठी 112. हे तीन नंबर बोटीत चढण्याआधी मोबाईलमध्ये घालून ठेवा आणि ग्रुपवर ते रील येईल तेव्हा त्याच्या खाली हे नंबरही टाका.