चालत्या खेळण्यांचा संग्रह आणि त्याची मर्यादा

खेळण्यातल्या रोबोंचा संग्रह केवळ जागा संपली म्हणून फार मोठा ठरत नाही. कपाट वाढवता येते, खोलीही बदलता येते. सांभाळणाऱ्याच्या हातून वस्तू सुटू लागतात तेव्हा संग्रह आवाक्याबाहेर गेलेला असतो. चावी एकीकडे आणि खेळणे दुसरीकडे पडते, आधी घेतलेला रोबो नकळत पुन्हा विकत घेतला जातो, नवे आलेले खोके महिनोन्‌महिने उघडले जात नाही, आणि कोणते यंत्र अजून चालते हे कोणालाच सांगता येत नाही. ही लक्षणे प्लॅस्टिक आणि सेलच्या जमान्याआधीपासूनची आहेत. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात आपोआप चालणाऱ्या, वाजणाऱ्या, मान हलवणाऱ्या यंत्रांचा संग्रह सोळाव्या शतकापासून आहे. तो वाढला, विभागला गेला आणि काही अंशी गमावलाही गेला. प्रत्येक टप्प्याच्या नोंदी शिल्लक असल्यामुळे हा प्रश्न समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा, आउगुस्ट याने १५६० मध्ये ड्रेस्डेनच्या राजवाड्यात ‘कुन्स्टकामर’ म्हणजे कलावस्तूंचे दालन सुरू केले. युरोपातल्या इतर राजांची अशी दालने चित्रे, मूर्ती आणि दुर्मीळ शंखशिंपल्यांनी भरलेली असत. आउगुस्टची आवड निराळी होती. तो स्वतः लेथवर हस्तिदंत कातत असे आणि जमीन मोजण्याच्या साधनांत रमत असे. त्याच्यासाठी एबरहार्ड बाल्डेवाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५६३ ते १५६८ या काळात ग्रहांच्या गती दाखवणारे मोठे घड्याळ बनवले. ते आजही ड्रेस्डेनमध्ये आहे.

आउगुस्ट १५८६ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी दालनाची पहिली सविस्तर यादी झाली. तीत सुमारे १०,००० वस्तू निघाल्या. त्यांतली ७,००० हून अधिक नुसती अवजारे होती. सुताराची, सोनाराची, लोहाराची, माळ्याची, शल्यवैद्याची. यादी करण्याची ही वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. संग्रह उभा करणाऱ्याला प्रत्येक वस्तू ओळखीची असते, ती का घेतली हेही ठाऊक असते. तो गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. वारसाच्या हाती वस्तू येतात, पण त्यांमागचे कारण येत नाही. यादी संग्राहकाच्या हयातीत झाली तर तीत कारणही उतरते. नंतर झाली तर बहुधा नाव, आकार आणि किंमत एवढेच.

आउगुस्टचा मुलगा क्रिस्टिआन पहिला याच्या काळापासून दालनात करमणुकीच्या यंत्रांची भर पडू लागली. आउग्सबुर्गचा घड्याळजी हान्स श्लोटहाइम हा या कलेतला मोठा कारागीर. त्याने १६०० च्या सुमारास केलेले बाबेलच्या मनोऱ्याचे घड्याळ ड्रेस्डेनमध्ये पाहायला मिळते. मनोऱ्याभोवतीच्या उतरत्या वाटेवरून एक गोळी गरगरत खाली येते. तिला बरोबर एक मिनिट लागते. ती तळाशी पोहोचली की शनीची आकृती घंटेवर टोला देते आणि दुसरी गोळी वरून निघते. १६२५ च्या सुमाराचे केसाळ कातडीचे एक अस्वलही याच शहरात आहे. ठरलेल्या वेळी ते पुढ्यातला ढोल बडवते. आतले यंत्र घड्याळाचे, बाहेरचे रूप प्राण्याचे आणि सगळा हेतू पाहणाऱ्याला थक्क करण्याचा. विसाव्या शतकाच्या मध्यात जपानी कारखान्यांतून पत्र्याचे रोबो निघू लागले तेव्हा त्यांच्या पोटातही हीच युक्ती होती : गुंडाळलेली पोलादी पट्टी, दातेरी चाके, आणि फिरण्याचे रूपांतर पावलांत करणारी कळ.

श्लोटहाइमचेच एक यांत्रिक जहाज आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मेजवानीच्या मेजावरून ते स्वतःच पुढे सरके, त्यावर संगीत वाजे, सिंहासनावरच्या सम्राटासमोरून दरबाऱ्यांची रांग जाई आणि शेवटी तोफा उडत. ड्रेस्डेनच्या १५८७ च्या यादीत अशाच एका जहाजाचे वर्णन आहे. म्हणूनच यादीची किंमत फार मोठी. वस्तू देशोधडीला लागली तरी तिचा माग काढायला कागद उरतो.

चालणाऱ्या वस्तूंचा संग्रह इतर संग्रहांपेक्षा लवकर जड होतो, कारण चित्र किंवा नाणे स्वस्थ पडून राहू शकते, यंत्र राहू शकत नाही. घातलेले तेल वर्षांनी घट्ट होते, त्यात धूळ बसते आणि तोच राप दाते घासून काढतो. पूर्ण चावी देऊन ठेवलेली स्प्रिंग ताण गमावते. पत्र्याच्या रोबोला दमट हवेत कडांपासून गंज चढतो, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो फार झपाट्याने चढतो. सेलवर चालणाऱ्या रोबोंचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आत विसरलेले सेल. त्यांतून पाझरणारे रसायन पितळी पट्ट्या खाऊन टाकते. मऊ प्लॅस्टिकचे भाग काही वर्षांनी चिकट होतात, आणि शेजारच्या खेळण्याचा रंगही धरतात. म्हणून अशा संग्रहाचे खरे माप नगांत नसून देखभालीच्या तासांत आहे. वर्षातून एकदा प्रत्येक यंत्र हातात घेऊन पुसणे, सेल काढलेले आहेत ना ते पाहणे, जे चालवण्यासारखे आहे ते थोडेसे चालवणे एवढे जमत असेल तर पाचशे नगही जास्त नाहीत. ते जमत नसेल तर पन्नासही जास्तच.

ड्रेस्डेनमध्ये आवाक्याबाहेरच्या वाढीचा कळस झाला तो अठराव्या शतकात. आउगुस्ट बलवान या नावाने ओळखला जाणारा राजा सॅक्सनीचा इलेक्टर होता, शिवाय पोलंडचाही राजा. त्याला चिनी मातीच्या भांड्यांचे वेड होते. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली. संत्री आणि पोर्सिलेन या दोन्हींचा आजार एकदा जडला की माणसाला कधी पुरेसे वाटतच नाही, अशा आशयाचे त्याने एका पत्रात लिहिले आहे. आजार ओळखूनही तो थांबला नाही. ६०० माणसांची रवानगी करून भांडी मिळवणे ही संग्रहाच्या इतिहासातली लाजिरवाणी नोंद आहे. त्या माणसांचे मोल यादीत कुठेच नाही.

याच राजासाठी योहान मेल्शिओर डिंगलिंगर या सोनाराने आपल्या भावांसह १७०१ ते १७०८ या काळात औरंगजेबाचा दरबार घडवला. सोने, मिनाकारी आणि हजारो हिऱ्यांनी मढवलेल्या शंभराहून अधिक चिमुकल्या आकृती, त्यांच्या मध्यभागी सिंहासनावर बादशहा. मराठी वाचकाला इथे एक विलक्षण योग दिसेल. ड्रेस्डेनमध्ये हा झगमगाट तयार होत असताना खुद्द औरंगजेब मराठ्यांशी झुंजत दख्खनमध्ये अडकलेला होता आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. या एका वस्तूवरचा खर्च राजाचा मोरित्झबुर्गचा महाल बांधायला आलेल्या खर्चापेक्षा जास्त होता. आज तिच्यातली काही शे रत्ने जागेवर नाहीत. बारीक सुटे भाग जितके अधिक, तितकी वस्तू नीट राखणे अवघड. रोबोच्या छातीवरचे झाकण, हातातली बंदूक, डोक्यावरचा अँटेना या भागांचेही तेच होते.

मात्र याच राजाच्या काळात या प्रश्नावरचा सर्वांत शहाणा उपायही निघाला. पोर्सिलेनची यादी १७२१ पासून सुरू झाली, आणि प्रत्येक भांड्यावर क्रमांक कोरला गेला. जुने कुन्स्टकामर फोडून त्यातून वेगवेगळे संग्रह केले गेले : १७२० मध्ये चित्रमुद्रांचा, त्यानंतर जडजवाहिराचा ‘ग्रीन व्हॉल्ट’, आणि १७२८ मध्ये त्स्विंगर या वास्तूत वैज्ञानिक उपकरणांचा संग्रह. शेवटचा संग्रह आज ‘माथेमाटिश-फिजिकालिशर सालोन’ या नावाने ओळखला जातो. दुर्बिणी, गोल आणि घड्याळे तिथे गेली. विभागणीने एकही वस्तू कमी झाली नाही. तरीही संग्रह हाताळण्याजोगा झाला, कारण घड्याळाची देखभाल घड्याळ जाणणाऱ्याकडे आली. खासगी संग्राहकालाही हे करता येते. चावीचे पत्र्याचे रोबो, सेलवरचे रोबो, १९७४ पासूनच्या ‘माझिंगर झी’सारख्या ओतीव धातूच्या जपानी आकृती, १९८४ नंतरचे ट्रान्सफॉर्मर असे गट पाडले की आपला जीव नेमका कोणत्या गटात आहे ते कळते, आणि कोणता गट नुसता साचत गेला तेही.

पुढचा टप्पा दुःखद आहे. १८३२ मध्ये कुन्स्टकामर कायमचे मोडले गेले. मौल्यवान ते इतर संग्रहांत गेले. अवजारांना मात्र कोणी वाली उरला नाही आणि बहुतेक विखुरली. कुन्स्टकामर सुरू करणाऱ्या आउगुस्टचे तार ओढण्याचे लांबलचक यंत्र, १५६५ मध्ये लेओनहार्ड डानर याने केलेले आणि नखशिखांत नक्षीने मढवलेले, आज पॅरिसजवळच्या एकुआँ इथल्या संग्रहालयात आहे. सोने-चांदी कोणत्याही राजाकडे होती. सात हजार अवजारे जमवणारा राजा मात्र हा एकच, आणि त्याच्या संग्रहातला नेमका तोच भाग टाकाऊ ठरवला गेला. संग्रह कमी करताना बाजारभाव हा निकष धरला की असेच होते. रोबोंच्या बाबतीत रिकामी खोकी, सूचनांचे कागद, जुन्या चाव्या, दुकानाची पावती हे आधी टाकले जाते. खेळणे कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात, कोणासाठी झाले हे नेमके त्यांच्यावरूनच कळते.

त्या मानाने दुबार वस्तू देणे बरे. ड्रेस्डेनच्या पोर्सिलेन संग्रहातून १९१९ आणि १९२० मध्ये दुबार नग बर्लिनमध्ये लिलावात काढले गेले. भांड्यांवर कोरलेल्या क्रमांकांमुळे जगभर गेलेले ते नग आजही ओळखता येतात. मात्र दुबार ठरवण्याआधी दोन्ही नग शेजारी ठेवून नीट पाहणे आवश्यक असते. वरवर एकसारखे दोन रोबो रंगाच्या छटेत, शिक्क्यात किंवा आतल्या यंत्रात वेगळे निघतात.

महाराष्ट्रात संग्रह जमवण्याची अशी जिद्द दिनकर केळकरांची. त्यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वाद्ये, बाहुल्या असे करता करता पुण्यातल्या घरी हजारो वस्तू झाल्या. १९६२ मध्ये त्यांनी तो सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात आजही जागेअभावी त्यातल्या सुमारे २,५०० वस्तूच मांडता येतात. एका माणसाच्या घराला न पेलणारा संग्रह संस्थेकडे देणे हा पराभव नव्हे. केळकरांनी तो वेळेवर, हयातीत आणि अखंड दिला, हे त्यांचे मोठेपण.

ड्रेस्डेनच्या सरकारी कलासंग्रहांनी २००८ पासून ‘डाफ्ने’ नावाचा प्रकल्प चालवला आहे. प्रत्येक वस्तू संगणकात नोंदवणे आणि ती कुठून, कोणाकडून, कोणत्या परिस्थितीत आली हे शोधणे हे त्याचे काम. नाझी राजवटीत हिरावलेल्या आणि युद्धानंतर सरकारजमा झालेल्या वस्तूंचे मूळ मालक त्यातून सापडतात. याच संस्थेच्या कठपुतळी संग्रहात १,००,००० हून अधिक वस्तू आहेत. प्रशिक्षित माणसे, कोठारे आणि हवामान राखणारी यंत्रणा असल्यामुळे तो आकडा पेलतो. घरच्या संग्राहकाकडे यांतले काही नसते, पण एक वही असू शकते. प्रत्येक रोबोमागे एक ओळ : क्रमांक, नाव, कारखाना, कुठून आला, चालतो की नाही, शेवटचा कधी पुसला, चावी आणि खोके कुठे आहे. ही वही भरणे जेव्हा नव्या खरेदीच्या मागे पडू लागते, तेव्हा खरेदी थांबवायची आणि वही पुरी होईपर्यंत थांबवूनच ठेवायची. मग जे नग द्यायचे ठरतील ते त्यांच्या ओळीच्या नकलेसह, चावी-खोक्यासह, शक्यतो गटानेच एखाद्या संग्रहालयाला, शाळेला किंवा तरुण संग्राहकाला द्यावेत, आणि कोणाला दिले ते त्याच वहीत लिहावे.