ऊस-वाहतुकीसाठी जुना ट्रॅक्टर : निवड व पारख

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर अग्निप्रदीपन होते आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत ऊस-वाहतुकीची लगबग सुरू होते. वाहतुकीचा करार करणाऱ्या शेतकऱ्यास तोडणी-मजुरांच्या टोळीला उचल द्यावी लागते, ट्रॉल्यांची डागडुजी करावी लागते आणि ट्रॅक्टरची सोय करावी लागते. नव्या ट्रॅक्टरचा खर्च सर्वांनाच झेपतो असे नाही. म्हणून पुष्कळ शेतकरी जुना ट्रॅक्टर खरेदी करतात. त्यात गैर असे काहीच नाही. नीट पारखून घेतलेला जुना ट्रॅक्टर अनेक हंगाम चोख काम देतो. परंतु घाईने घेतलेला ट्रॅक्टर ऐन हंगामात उभा राहिला, तर टोळी रिकामी बसते, तोडलेला ऊस फडात वाळतो व त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात, आणि उचलीची रक्कम अंगावर येते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे भरल्या ट्रॉलीसह उतारावर न थांबणारा ट्रॅक्टर चालकाच्या व वाटसरूंच्या जिवावर उठतो.

ओढण्याची ताकद व थांबविण्याची ताकद

ट्रॅक्टर पाहावयास गेलेला शेतकरी प्रथम विचारतो, ‘हा किती टन ओढतो?’ हा प्रश्न योग्य असला तरी अपुरा आहे. वाहतुकीच्या ट्रॅक्टरबाबत खरा प्रश्न ‘हा किती टन थांबवू शकतो?’ हा होय. पुढील ढोबळ हिशेबावरून हे स्पष्ट होईल.

४५ अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन असते. त्यांपैकी सुमारे सव्वा टन भार मागील चाकांवर असतो आणि साधारणपणे ब्रेक केवळ मागील चाकांनाच असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड त्यावरील भाराच्या सहा-दशांश धरली, तर ब्रेकचा जोर फार तर ७५० किलोग्रॅम भरतो. ब्रेक कितीही कडक केले तरी याहून अधिक जोर मिळत नाही. चाके मात्र घसरतात. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. अशा चार चाकी ट्रॉलीचा सर्व रेटा ट्रॅक्टरच्या या ७५० किलोग्रॅमांवरच येतो.

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा रिकामा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून सुमारे ४ मीटरांत थांबतो. त्याच ट्रॅक्टरमागे मालासह साडेसहा टनांची एक ट्रॉली असेल, तर सपाट रस्त्यावर सुमारे १८ मीटर लागतात. वीस फुटांस एक फूट अशा उतारावर हेच अंतर ४० मीटरांहून अधिक होते. त्याच उतारावर तशाच दोन ट्रॉल्या जोडल्या, तर दीडशे मीटरांतही गाडी थांबत नाही. रस्ता ओला असला किंवा त्यावर उसाचे पाचट पसरलेले असले, म्हणजे टायरची पकड भाराच्या चार-दशांशावर येते. मग दोन ट्रॉल्यांचा रेटा ब्रेकच्या जोराहून अधिक होतो आणि गाडी थांबण्याऐवजी वेग घेते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत जे अंतर जाते, ते या हिशेबात धरलेले नाही.

ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असला तरी वरील नियम बदलत नाही. म्हणून निवड करताना आपल्या शिवारापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेत चढ-उतार किती आहेत, पाणंद कशी आहे आणि ट्रॉल्या किती जोडावयाच्या आहेत, याचा विचार आधी करावा. वाटेत उतार असल्यास अधिक वजनाचा ट्रॅक्टर घ्यावा, ट्रॉलीस स्वतंत्र ब्रेक बसवून घ्यावेत किंवा एकाच ट्रॉलीवर समाधान मानावे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था निरनिराळ्या ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. त्या अहवालांत ट्रॅक्टरचे वजन, ओढण्याचा जोर व ब्रेकची चाचणी यांची नोंद असते. ज्या नमुन्याचा ट्रॅक्टर घ्यावयाचा त्याचा अहवाल मिळाल्यास अवश्य पाहावा.

ट्रॅक्टरचा पूर्वेतिहास

ट्रॅक्टरने पूर्वी कोणते काम केले आहे, हे यंत्र पाहण्यापूर्वीच विचारून घ्यावे. भाताच्या चिखलणीत राबलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या हबमध्ये व ॲक्सलच्या सीलमध्ये पाणी-चिखल शिरलेला असण्याचा संभव असतो. रस्त्यावर वाहतूक केलेल्या ट्रॅक्टरच्या मागील टायरांचे दाते मध्यभागी अधिक झिजतात, आणि त्याचा क्लच, ब्रेक व हूक यांनी बराच मार खाल्लेला असतो. केवळ नांगरणी-पेरणीसाठी घरी वापरलेला व एकाच चालकाच्या हातचा ट्रॅक्टर मिळाल्यास तो सहसा अधिक चांगल्या स्थितीत आढळतो.

तासांच्या मीटरवर सर्वस्वी विसंबू नये, कारण मीटर बदललेले वा बंद पडलेले असू शकते. मीटर थोडे तास दाखवीत असेल, पण ब्रेक-क्लचच्या पायट्यांचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि हुकाची भोके लांबट झाली असतील, तर पायटे व हूक यांची साक्ष खरी मानावी. ताज्या रंगाने भुलून जाऊ नये. नवा रंग दिलेल्या यंत्रावर वेल्डिंगचे जोड व तेलाचे पाझर अधिक बारकाईने शोधावेत.

थंड इंजिनाची परीक्षा

ट्रॅक्टर पाहण्यास सकाळी लवकर जावे आणि प्रथम इंजिनावर हात ठेवावा. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. थंड इंजिन सेल्फवर लगेच सुरू झाले पाहिजे. सुरू करण्यापूर्वी तेलाची दांडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे, असे समजावे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे किंवा इंजिन चालू असता त्यातून सतत बुडबुडे येणे, हेही हेड-गॅस्केट वा हेड यांतील दोषाचे लक्षण होय. हे झाकण इंजिन गरम असताना मात्र कधीही उघडू नये. उकळत्या पाण्याने गंभीर इजा होते.

धुराच्या रंगावरून पुष्कळ बोध होतो. सुरू करताना थोडा पांढरा धूर आल्यास चिंता नसते. परंतु इंजिन तापल्यावरही तो येतच राहिला, तर डिझेल पुरते जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे, असा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. ओझे नसतानाही दाट काळा धूर येत असल्यास एअर क्लीनर, नोझल व पंप तपासावेत. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढावे. तेथून आगगाडीसारखे भपकारे येत असतील, तर पिस्टन-रिंग व लायनर झिजले आहेत व इंजिन खोलण्याचा खर्च जवळ आला आहे.

क्लच, गिअर व मागील ॲक्सल

ओझे वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच आधी झिजतो. त्याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सपाट जागी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि मध्यम वेगावर क्लच सावकाश सोडावा. इंजिन दबून बंद पडले, तर क्लच पकडतो आहे. इंजिन तसेच चालू राहिले, तर तो घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास चांगला क्लचही जळतो.

प्रत्येक गिअर टाकून ट्रॅक्टर चालवून पाहावा. उतारावर गिअर आपोआप सुटत असेल, तर असा ट्रॅक्टर वाहतुकीसाठी कदापि घेऊ नये; गिअर सुटताच इंजिनाचा आवर नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. मागून सतत घोंगावणारा आवाज येत असल्यास क्राऊन-पिनियन व बेअरिंग अनुभवी मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडावर तडा, वेल्डिंग किंवा तेलाचा पाझर दिसल्यास त्या ट्रॅक्टरने ताकदीबाहेर ओढले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

ब्रेक, पुढील ॲक्सल व हूक

ट्रॅक्टरला उजव्या व डाव्या चाकांचे वेगळे ब्रेक असतात. शेतात आखूड वळण घेण्यासाठी ही सोय आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पायटे खटक्याने जोडलेलेच असले पाहिजेत. हा खटका मोडलेला वा हरवलेला अनेकदा आढळतो. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते. पायटे जोडून, ट्रॉलीविना, कोरड्या सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक दाबावा. ट्रॅक्टर सरळ थांबला पाहिजे आणि दोन्ही टायरांच्या खुणा सारख्या उमटल्या पाहिजेत. पायटे जोडल्यावर पार्किंग ब्रेक उतारावर ट्रॅक्टरला धरून ठेवतो की नाही, तेही पाहावे.

पुढील ॲक्सलखाली जॅक लावून चाके हलवून पाहावीत. मधली पिन, किंग पिन व हबचे बेअरिंग यांत ढिलाई असल्यास चाक डुलते. स्टिअरिंग बरेच फिरविल्यावर मगच चाक वळू लागत असेल, तर ती ढिलाई कशामुळे आहे याचा शोध घ्यावा.

हूक मजबूत, सरळ व वेल्डिंगविना असावा. पिन झिजलेली नसावी व तिला कुलूप-खिळा असावा. ओढ मागील ॲक्सलच्या मध्याहून खालच्या पातळीवर लागली पाहिजे. पूर्वीच्या मालकाने सोयीसाठी हूक उंच बसवून घेतला असेल, तर चढावर पुढची चाके उचलली जातात, स्टिअरिंग निकामी होते आणि ट्रॅक्टर मागे उलथतो. असा हूक काढून मूळ जागी बसवून घेतल्याशिवाय ट्रॉली जोडू नये.

भरल्या ट्रॉलीसह चाचणी

वरील तपासणीत ट्रॅक्टर उतरला, तरच भरलेल्या एका ट्रॉलीसह त्याची चाचणी घ्यावी आणि ती अनुभवी चालकाच्या हातून घ्यावी. निदान अर्धा तास ट्रॅक्टर चालवावा. सौम्य चढावर तो थांबवून पुन्हा सुरू करावा. परतल्यावर पाण्याचे तापमान, तेलाचा दाब व हबची उष्णता पाहावी, आणि यंत्राखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून कोठून काय गळते ते तपासावे. दिवे, इंडिकेटर व ट्रॉलीकडे जाणारी वायर चालू आहे याची खात्री करावी. ऊस-वाहतूक रात्रीही होते. मागे दिवा व परावर्तक पट्टी नसलेली उभी ट्रॉली दुचाकीस्वाराला अंधारात दिसतच नाही.

कागदपत्रे

यंत्र निर्दोष असूनही कागदपत्रांअभावी व्यवहार फसतो. आरसी बुकातील इंजिन व चासिस क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा आहे काय, हे आरसी बुकात व परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीवर पाहता येते. बोजा असल्यास बँकेचे ना-देय प्रमाणपत्र व नमुना ३५ हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये.

हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवावयाचे असते. केवळ मुद्रांकावरील लेखाने नोंदणी बदलत नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, हेही विसरू नये. विमा चालू असावा व तो प्रत्यक्ष उपयोगास लागू पडणारा असावा. भाड्याने वाहतूक करावयाची असल्यास नोंदणी व विमा यांत तशी तरतूद आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे; अन्यथा अपघातानंतर भरपाईचा बोजा मालकावर पडण्याचा धोका असतो.

किंमत ठरविताना

हाती असलेली सर्व रक्कम खरेदीत घालू नये. क्लच, ब्रेक, टायर व बॅटरी यांचा खर्च मिस्त्रीकडून आधी काढून घ्यावा, तो मागितलेल्या किमतीत मिळवावा आणि त्या बेरजेची दुसऱ्या ट्रॅक्टरच्या किमतीशी तुलना करावी. पुष्कळदा स्वस्त दिसणारा ट्रॅक्टर या बेरजेत महाग ठरतो. सुटे भाग व जाणता मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतात, असाच नमुना निवडावा. खरेदी हंगामापूर्वी दोन-तीन महिने करावी, म्हणजे दुरुस्तीस अवधी मिळतो व घाईपोटी अधिक किंमत मोजावी लागत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावातील कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या अखेरीस एखाद्या जाणत्या मिस्त्रीस बोलावून चावडीसमोर किंवा सोसायटीच्या आवारात वरील परीक्षांचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. ब्रेकच्या पायट्यांचा खटका, हुकाची उंची आणि ट्रॉलीचे मागील दिवे या तीन गोष्टी गावातील प्रत्येक ट्रॅक्टरवर त्याच दिवशी पाहता येतील. त्यांस खर्च थोडा लागतो. भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरणाऱ्या चालकाला मात्र या तीन गोष्टींचाच आधार असतो.